बखर आणि बातमी

विद्यापीठात इतिहास आणि वृत्तपत्रविद्या हे दोन विषय एकत्र अभ्यासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास वडीलधारी मंडळी पुष्कळदा अडवितात. एक विषय गेलेल्या काळाचा, दुसरा आज सकाळचा. त्यांची सांगड घालून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न असतो. वस्तुतः ही सांगड नवी नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर जुने ताम्रपट व शिलालेखही वाचीत आणि त्यांवर लेख लिहीत.

आज ज्यास आपण ऐतिहासिक कागद म्हणतो, तो एके काळी कोणाची तरी ताजी बातमीच होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्या वेळी नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. वाटेत एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात लढाईचे नावही नव्हते. दोन मोत्ये गळाली, काही मोहरा हरवल्या आणि रुपये व तांब्याची नाणी किती गेली याची गणती नाही, एवढाच त्याचा आशय होता. मोत्ये म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांनी ओळखले.

हे पत्र केवळ इतिहास म्हणून वाचणारा विद्यार्थी सन आणि नावे पाठ करील. बातमी कशी चालते हे ज्यास ठाऊक आहे, तो पुढे जाऊन विचारील : हे सावकारास कोणी कळविले? त्याने स्वतः काय पाहिले होते? उघड न लिहिता सांकेतिक भाषा का वापरली? उलट, ज्यास केवळ बातमी लिहिता येते, त्याने इतिहासाकडून धीर धरण्यास शिकावे. कारण एका साक्षीवर भिस्त ठेवली तर काय होते, हे त्याच पानिपताने दाखविले आहे. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयीचा संशय कित्येक वर्षे मिटला नाही. या संशयाचा लाभ घेऊन एक तोतया भाऊसाहेब म्हणून पुढे आला. कोकणात पुष्कळ लोक त्याच्या निशाणाखाली जमले. अखेर १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबून किती संसार उघड्यावर आले असतील! आता तर अशी वार्ता क्षणात घरोघरच्या दूरध्वनीवर पोहोचते. तिची शहानिशा करण्यास मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.

दोन्ही विषयांचे ओझे फार होईल, ही पालकांची तक्रार खोटी नाही. मोडी शिकावी लागेल, दप्तरातील धूळ खावी लागेल आणि बातमी वेळेवरही द्यावी लागेल. पण त्या पत्रातील मोत्यांची नावे सर्वांस ठाऊक आहेत. तांब्याची नाणी म्हणजे कोणत्या गावचे कोण शिपाई, बाजारबुणगे आणि यात्रेकरू, हे मात्र अद्याप पुरतेपणी कोणी लिहिलेले नाही.