बक्षिशी नको, पगार टाका!

शनिवारी मांडव्याच्या धक्क्यावर मुंबई उतरते. गेटवेची लाँच येते, भाऊच्या धक्क्याची रो-रो येते. साहेब हॉटेलात बसतो, सुरमई चापतो, बडीशेपेच्या बशीत वीसची नोट टाकतो आणि म्हणतो, "पोऱ्याची सर्व्हिस चांगली आहे."

साफ खोटं! साहेब सर्व्हिस मोजतच नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल लिनने यावरचे अभ्यास गोळा करून २००० सालीच दाखवलं की सेवा बरी की वाईट, याने टिपेत फरक पडतो तो नावापुरता. २००८ साली त्याने नि त्याच्या सोबत्यांनी तिकडच्या दक्षिणेतलं एक हॉटेल तपासलं. सेवा तशीच, तरी काळ्या वेटरला गोऱ्यापेक्षा कमी टीप! तिकडे कातडी बघतात. इकडे काय बघतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

दोस्तांनो, ही बक्षिशी आपल्या बापजाद्यांच्या ओळखीची आहे. गावभर राबायचं, सांगावे न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि मग दारात उभं राहून भाकर मागायची. काम सक्तीचं, मोबदला मर्जीचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते ही लाचारी मोडायला. १९४६ साली मजूर खातं हातात असताना किमान वेतनाचं बिल मांडलं तेही त्यासाठीच.

मी गोदीत माल उतरवतो. पेटी उचलल्यावर मला कुणासमोर दात काढावे लागत नाहीत. भाव ठरलेला आहे. वेटरला मात्र हसावं लागतं. मालक पगार मारतो आणि वर म्हणतो, "टीप मिळते की!" म्हणजे गडी ह्याचा, पगार गिऱ्हाइकाच्या खिशातून! बिलात सर्व्हिस चार्ज लावायचा, तो वेटरपर्यंत पोचला का ते विचारायचं न्हाय. २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, हा चार्ज सक्तीने घेता येणार नाही. गिऱ्हाईक सुटलं. वेटरचं काय?

मग टीप देऊ नये? द्या, आज त्याची चूल त्यावर पेटते. पण उपकाराचा माज नको. त्याच्या हातात द्या आणि विचारा, हजेरीपटावर नाव आहे का? किमान वेतन मिळतं का? सुट्टी कधी?

मांडव्यापासून अलिबागपर्यंतचे वेटर ज्या दिवशी एकजुटीने म्हणतील, "बशी उचल, पगारपत्रक आण," त्या दिवशी मालकाला हिशेब द्यावा लागेल. त्यांच्या बाजूला उभं राहायला आपण तयार आहोत का, एवढंच बोला.

जय भीम!