संमोहन जोडीला असू द्या

रात्रभर कूस बदलून थकलेल्या माणसाला ‘संमोहनाने गाढ झोप’ ही जाहिरात खरी वाटली, तर नवल नाही. संमोहन थोतांडही नव्हे. झुरिच विद्यापीठाच्या २०१४ मधील प्रयोगात संमोहनाची ध्वनिफीत ऐकून झोपलेल्या तरुणींची गाढ झोप ८० टक्क्यांनी वाढली. पण हा लाभ सूचना सहज स्वीकारणाऱ्यांनाच झाला. शिवाय त्या निरोगी होत्या आणि ती झोप दुपारची होती.

म्हणून संमोहन जोडीला असावे, पहिला उपाय म्हणून नव्हे. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. घोरताना श्वास अडकणे किंवा थायरॉईडचा विकार सूचनांनी बरा होत नाही. दीर्घकालीन निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिली पसंती दिली ती वर्तनोपचाराला: उठण्याची वेळ ठरलेली ठेवायची, झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचे, झोपेची धास्ती कमी करायची.

त्याच्या जोडीला प्रशिक्षित तज्ज्ञाकडून संमोहन जरूर घ्या. मात्र ‘झोपेच्या गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. गोळ्या एकदम सोडल्या, तर असलेली झोपही उडते.