साडेचार तासांचा हक्क

आजारपण हे ज्याचे त्याचे खाजगी दुःख आहे आणि रुग्णालयात काय घडेल ही नशिबाची बाब आहे, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. चळवळीत आयुष्य घालवलेले कार्यकर्तेही तिला अपवाद नाहीत. रेशनसाठी, पाण्यासाठी, रोजगार हमीच्या कामासाठी जो माणूस तहसील कचेरीवर मोर्चा नेतो, तोच घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की कोणा आमदाराची चिठ्ठी किंवा ओळखीचा डॉक्टर शोधत हिंडू लागतो. पाण्याच्या प्रश्नात त्याला राजकारण दिसते. रुग्णालयाच्या दारात मात्र तो याचक होतो. ही समजूत किती घातक आहे हे पक्षाघातासारख्या आजारात उघडे पडते, कारण तेथे अन्याय घड्याळ लावून मोजता येतो.

पक्षाघात, ज्याला आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो, तो दोन प्रकारांनी होतो. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडते, नाही तर ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोहोंची लक्षणे सारखीच दिसतात: तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, वाचा अडखळणे. उपचार मात्र अगदी वेगळे आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन देता येते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. कोणता प्रकार आहे हे सीटी स्कॅन केल्याशिवाय सांगता येत नाही. १९९५ साली या इंजेक्शनचा उपयोग सिद्ध झाला तेव्हा त्याची मुदत तीन तासांची होती. २००८ च्या संशोधनानंतर ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार निवडक रुग्णांवर त्यानंतरही करता येतो, पण तो मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतच होतो. जिल्ह्यातल्या सामान्य माणसाच्या हाती असतात ते साडेचार तास, आणि त्यांतही जितके लवकर तितके अधिक वाचते.

हे तास कोठे जातात? गेल्या वर्षी माझ्या आईच्या बाबतीत ते कोठे गेले, याचा हिशेब मी येथे मांडतो. सकाळी सहाच्या सुमारास तिचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अस्पष्ट झाले. सातला आम्ही तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरने आजार अचूक ओळखला, पण स्कॅनचे यंत्र तेथे नव्हते. रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन गेलेली होती. सव्वाआठला भाड्याची जीप मिळाली. साडेनऊला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलो. केसपेपरच्या रांगेत अर्धा तास गेला. यंत्र होते, पण ते चालवणारा तंत्रज्ञ रजेवर होता आणि त्याच्या जागी दुसरा नेमलेला नव्हता. “बाहेरून करून आणा,” असे सांगण्यात आले. एका खाजगी रुग्णालयाने आधी पन्नास हजार अनामत मागितली. योजनेचे कार्ड दाखवले तेव्हा मंजुरी यायला वेळ लागेल असे उत्तर मिळाले. एका धर्मादाय रुग्णालयाने खाट शिल्लक नसल्याचे तोंडी सांगितले. धाकट्या भावाने वहिनींचे दागिने गहाण टाकून पैसे आणले आणि दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी स्कॅन झाले. निदान गुठळीचे होते. इंजेक्शनची मुदत अडीच तासांपूर्वीच संपलेली होती.

आई वाचली. पण तिचा उजवा हात कायमचा गेला, बोलणे तुटक झाले, आणि तिच्या शुश्रूषेसाठी माझ्या बहिणीला अंगणवाडीतील नोकरी सोडावी लागली.

या हिशेबात एकही माणूस दुष्ट नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता नियम पाळला: डॉक्टरने चिठ्ठी दिली, कारकुनाने रांग लावली, खाजगी रुग्णालयाने आपला व्यवहार पाहिला. प्रत्येक टेबलावर काम रीतसर झाले आणि त्या रीतसरपणातच एका बाईचा मेंदू करपत गेला. ज्याच्याजवळ मोटार आहे, खात्यात पैसे आहेत आणि मुंबई-पुण्यात घर आहे, त्याला हेच साडेचार तास विकत घेता येतात. म्हणजे रोग भेदभाव करीत नाही, परंतु वेळेचे वाटप वर्गानुसार होते. म्हणूनच माझे म्हणणे असे की, उपचाराचा हक्क म्हणजे वेळेत उपचार मिळण्याचा हक्क. मुदत टळल्यानंतर मिळालेला उपचार हा हक्काचा उपहास आहे.

हा हक्क कायद्याने मान्य झालेला नाही असे कोणी समजू नये. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील हाकिम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडला व त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेर खाजगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. त्याच्यासाठी न्यायालयात कोण गेले? त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि तातडीचा उपचार नाकारणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला. पैशाची टंचाई ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असेही बजावले. जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांचा दर्जा वाढवावा, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारावी, रुग्णवाहिकांची पुरेशी सोय करावी, असे उपाय त्या निकालात सांगितले आहेत. या निकालाला पंचवीस वर्षे उलटून गेली. आज जिल्ह्याच्या गावी रुग्णाला घेऊन दारोदार फिरणाऱ्या नातेवाइकाला खाटेची माहिती कोण देतो?

महाराष्ट्रात तर आणखी एक हत्यार आपल्या हाती आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवल्या पाहिजेत. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार देणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून सवलती घ्यायच्या आणि गरिबाला दारातून परत पाठवायचे, हा व्यवहार चालतो तो आपण विचारत नाही म्हणून.

सरकारचे उत्तर ठरलेले असते: विम्याची योजना आहे. २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने पुढे चालू झाली, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. या योजनेने अनेक कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु विमा बिल भरतो. तो रात्री तंत्रज्ञ नेमत नाही, तालुक्याला यंत्र पुरवत नाही. सज्ज सार्वजनिक रुग्णालयाची जागा कार्ड घेऊ शकत नाही.

मेंदूचे तज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्यात कोठून आणणार, असा आक्षेप घेतला जातो. हिमाचल प्रदेशाने त्याचे उत्तर कृतीने दिले आहे. त्या डोंगराळ राज्यात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतील सामान्य वैद्यांनी स्कॅनची चित्रे मोबाइलवरून दूरच्या तज्ज्ञांना दाखवून गुठळीचे इंजेक्शन देण्यास सुरुवात केली, आणि ते महागडे इंजेक्शन राज्याने मोफत पुरवले. जे तेथे जमले ते महाराष्ट्रासारख्या संपन्न राज्याला जमू नये, याला साधनांचा अभाव म्हणता येत नाही.

मग आपण काय करावयाचे? प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपल्या ग्रामीण व जिल्हा रुग्णालयाची साधी पाहणी करावी: स्कॅनचे यंत्र आहे काय, रात्री व सुट्टीच्या दिवशी ते कोण चालवतो, इंजेक्शनचा साठा आहे काय, रुग्णवाहिका किती. मिळालेली उत्तरे गावाच्या फळ्यावर लिहावीत. जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी कार्यालयात लावावी. “खाट नाही” असे उत्तर मिळाले तर ते वेळेसह लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यावे. आशाताईंच्या मदतीने वस्त्यांतून रक्तदाब तपासण्याची मोहीम घ्यावी, कारण उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण असून ते आधी ओळखता येते व आटोक्यात ठेवता येते. आणि रुग्ण घरी आल्यावर व्यायामोपचाराची सोय तालुक्यातच व्हावी, ही मागणी लावून धरावी. तिच्या अभावी राज्याची जबाबदारी घरातल्या लेकीसुनांच्या खांद्यावर पडते आणि त्यांच्या श्रमाची नोंद कोठेच होत नाही.

हाकिम शेख एकटा असता तर त्याचे नाव रुग्णालयाच्या नोंदवहीतच राहिले असते. त्याच्या मागे संघटना उभी होती, म्हणून त्याच्या दुःखातून देशाचा कायदा घडला. तो कायदा कागदावर आहे. त्याला तालुक्याच्या रुग्णालयात उतरवणे हे काम न्यायालयाचे नाही, आपले आहे.