दारातलं छोटं तळं

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकटीला डेंग्यू झाला. तपासणीचा कागद हातात पडला आणि ह्यांनी पहिलं बोट दाखवलं ते अंगणातल्या माझ्या टबाकडे. "आधी ते डबकं रिकामं कर!" सासूबाईंनीही मान डोलावली. मैत्रिणींनो, खरं सांगते, मलाही वाटलं, आपल्या हौसेपायी लेकरू आजारी पडलं की काय! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या बाई घर तपासायला आल्या. टबात त्यांनी दोनदा बॅटरी मारून पाहिली. एकही अळी नाही. गप्पी मासे तेवढे वर आले. मग बाई स्वयंपाकघरात शिरल्या. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि खिडकीतल्या मनीप्लँटच्या बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या त्यांनी मला दाखवल्या. बाटलीतलं पाणी कसं, अगदी आरशासारखं! धाकटीला चावलेला डास नेमका कुठला, हे कोण सांगणार? पण डेंग्यूच्या डासाला असं साठलेलं स्वच्छ पाणीच आवडतं, हे मात्र मला तेव्हा कळलं.

टब वाचला. तो नीट कसा ठेवायचा, हे मात्र मी चुका करतच शिकले आहे. पहिल्या वर्षी दर रविवारी टब उपसून, भांड्यासारखा घासून मी लख्ख करत असे, आणि दर आठवड्याला एक-दोन मासे मरत. माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव टबाच्या भिंतींना आणि मातीला धरून असतात. मी त्यांनाच धुऊन काढत होते, आणि वर नळाचं क्लोरीनचं पाणी ओतत होते!

आता आठवड्यातून एकदाच, फक्त पाव भाग पाणी काढते. ते झाडांना घालावं, उत्तम खत आहे. भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवावं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. त्याच वेळी पाण्याच्या वरची ओलसर कड काथ्यानं घासून काढावी. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती तिथं. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा नेम चुकवू नये.

पाणी हिरवं झालं की घाबरू नका. ऊन जास्त आणि अन्न जास्त, की शेवाळ येणारच. निम्म्याहून अधिक पाणी कमळाच्या पानांनी झाकलेलं असावं. कमळाच्या कुंडीत जड माती घालून वर वाळूचा थर द्यावा. शेणखत सैल घातलंत तर पाण्याचा काढा होतो. पिवळं पान दिसलं की देठापासून काढावं. फिनेल, रॉकेल यांचा थेंबही नको.

ऐंशी लिटरच्या टबाला पाच-सहा गप्पी पुरे. त्यांची प्रजा भराभर वाढते. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घालावं. पोट भरलेला मासा अळीमागे कशाला धावेल? जास्तीचे मासे शेजारणीला द्या, पण नदी-ओढ्यात सोडू नका; ते तिथल्या माशांच्या पिलांवर ताव मारतात. जलपर्णी तर आणूच नका. पंचगंगेची तिनं काय दशा केली, ते कोल्हापूरकरांना विचारा!

आणखी दोन गोष्टी. आजीचं तांब्याचं घंगाळ दिसायला कितीही देखणं असलं तरी त्यात मासे ठेवू नयेत. तांबं त्यांना विषासारखं. आणि घरात रांगतं मूल असेल तर टबावर पक्की जाळी हवीच. वीतभर पाणीसुद्धा अशा मुलाच्या जिवावर बेततं.

निर्माल्याचा किस्सा राहिलाच. गौरी-गणपतीत सासूबाईंनी टोपलीभर फुलं टबात सोडली. पवित्र पाणी, त्यात वाईट काय! सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. कुजणाऱ्या फुलांनी पाण्यातला प्राणवायू संपवला होता. फुलं काढली, शिळवलेलं पाणी घातलं, तेव्हा वाचले.

आता दर शुक्रवारी धाकटी बॅटरी घेऊन घरभर फिरते: फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, मनीप्लँटची बाटली. शेवटी टब. माशांना खाणं मात्र सासूबाई घालतात. बिचारे उपाशी राहतील म्हणून त्यांची चिमूट जरा मोठी होते, तेवढं मी बघते.