मागच्या काचेतला सूर्य

पुण्याहून सांगलीला निघालेली गाडी खंबाटकी घाटात दीड तास खोळंबली. आठ वर्षांची नात उजव्या खिडकीतून कलता सूर्य न्याहाळत होती. आजी-आजोबांचा रात्रीभोजनत्याग तिला ठाऊक होता; वाट पाहत थांबले, तर दोघेही सकाळपर्यंत उपाशी राहणार. पेठ नाक्याला गाडी पूर्वेकडे वळली आणि सूर्य मागच्या काचेत गेला. तिने आईकडून फोन मागून घेतला. “आज्जी, आमच्यासाठी थांबू नका. तुम्ही दोघं आत्ताच जेवून घ्या.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ताटे मांडल्याचा आवाज.

स्वतःचा नियम पाळणे हा संयम होय. दुसऱ्याच्या नियमाची काळजी वाहणे, हे अहिंसेचेच घरगुती रूप. ते पाठांतराने येत नाही. घरात पाहूनच मुले शिकतात.