भंगारातले स्फटिक

जुने बिनतारी संच भंगारात निघतात तेव्हा ते किलोवर विकले जातात. लोखंडाला एक भाव, तांब्याला दुसरा आणि बाकीचा सारा कचरा! या कचऱ्यात काडेपेटीएवढी, सगळीकडून डाख देऊन बंद केलेली एक पत्र्याची डबी असू शकते. तिच्यावर '9 मेगाहर्ट्‌झ' किंवा असाच एखादा आकडा छापलेला असतो. ही डबी म्हणजे त्या संचाची चाळणी, अर्थात फिल्टर. ती भंगारात जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती हाती येताच फोडू नये, हेही मत तितकेच स्पष्ट आहे.

या डबीत असते तरी काय? आपल्या किनाऱ्यावरचा मच्छीमार जाळ्याचा आस पाहून सांगतो, की यात कोणती मासळी अडकेल आणि कोणती निसटेल. रेडिओच्या चाळणीचे काम याहून अवघड आहे. तिला ठराविक मापाहून मोठेही नको आणि लहानही नको! हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे 'हॅम' लोकांच्या, एका बोलण्याला सुमारे 2.4 किलोहर्ट्‌झ रुंदीची जागा पुरते. तारेचे वेटोळे आणि धारित्र यांच्या साध्या मंडलाची गुणवत्ता शंभराच्या आसपास धरा. 9 मेगाहर्ट्‌झला शंभराने भागले की उरतात 90 किलोहर्ट्‌झ. म्हणजे या जाळ्यात एकाच वेळी तीस-पस्तीस जणांची बोलणी येऊन पडणार! क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची गुणवत्ता मात्र काही दहा हजारांत असते. ती 50 हजार धरली तर भागाकार येतो अवघा 180 हर्ट्‌झ. असे चार-आठ स्फटिक योग्य तऱ्हेने जोडले, की हवी तेवढी रुंदी मिळते.

क्वार्ट्‌झ म्हणजे आपल्या ओळखीची गार. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, ती वाळू याच पदार्थाची. तिच्या कणातून रेडिओचा स्फटिक कापता येत नाही, कारण त्यासाठी मोठा, निर्दोष स्फटिक लागतो. तो आता कारखान्यात सुमारे 350 अंश सेल्सिअस तापमानाला आणि हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली काही आठवडे वाढवतात. स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे जाक आणि पियेर क्युरी या भावांनी 1880 साली दाखवले. उलट, विद्युतदाब दिला की स्फटिक थरथरतो. किती वेगाने, हे त्याच्या चकतीच्या जाडीवर ठरते. नेहमीच्या प्रकारच्या चकतीसाठी 1.66 ला मिलिमीटरमधल्या जाडीने भागा, उत्तर मेगाहर्ट्‌झमध्ये येते. 9 मेगाहर्ट्‌झच्या चकतीची जाडी किती? जेमतेम 0.18 मिलिमीटर, वहीच्या दोन पानांएवढी!

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रेडिओ लवकर मरतो. सांगाडा गंजतो, वेटोळ्यांच्या तारा हिरव्या पडतात. हवाबंद डबीतला स्फटिक मात्र सहसा शाबूत राहतो. शिवाय नव्या स्फटिकाची कंप्रता पहिल्या काही वर्षांत किंचित सरकते आणि मग हे सरकणे मंदावते. तीस वर्षांचा स्फटिक हा या दृष्टीने मुरलेला स्फटिक होय. लोणच्याप्रमाणे म्हणा ना!

आता फोडण्याबद्दल. फिल्टर धडधाकट असेल तर तो अख्खा वापरा. आतल्या सुट्या स्फटिकांपेक्षा त्याची योग्यता अधिक, कारण त्यांची निवड आणि जुळणी कोणीतरी कसबी हाताने आधीच केलेली आहे. एखादा स्फटिक तडकला असेल किंवा पत्रा सडून आत पाणी गेले असेल, तरच डबी उघडावी. आतील स्फटिकांचे पाय कापून घ्या. डाखणीने फार वेळ तापवू नका.

येथे एक गंमत आहे. असे बरेचसे फिल्टर जाळीच्या रचनेचे असतात. त्यांत स्फटिकांचे दोन गट असतात आणि त्यांच्या कंप्रतांत साधारण दीड-दोन किलोहर्ट्‌झचा फरक मुद्दामच ठेवलेला असतो. घरी करायला सोपा असतो तो शिडीचा फिल्टर. त्यात स्फटिक एकामागे एक जोडतात आणि प्रत्येक जोडापासून जमिनीकडे एक धारित्र लावतात. याला मात्र सगळे स्फटिक सारखे हवेत. तेव्हा डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका, मोजा! एका ट्रान्झिस्टरचा आंदोलक आणि कंप्रतामापक एवढ्यावर काम भागते. एकेक स्फटिक लावा, थोडे थांबा (बोटांच्या उबेनेही आकडा हलतो), आकडा लिहा. शंभर हर्ट्‌झच्या आत जुळणारे चार निवडा. मग धारित्रे बदलून पाहा. ती मोठी केली की फिल्टर अरुंद होतो.

कोणी म्हणेल, नवा स्फटिक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडक्या पैशांत मिळतो, मग ही यातायात कशाला? आक्षेप खरा आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी 'बिटएक्स' हा घरी बांधण्याजोगा संच आखला. त्याच्या शिडीत 10 मेगाहर्ट्‌झचे चार साधे, सहज मिळणारे स्फटिक होते. पैसे वाचवायचे तर तोच रस्ता धरा. परंतु मोजून निवडण्याचे काम नव्या स्फटिकांतही चुकत नाही आणि त्यासाठी हात तयार व्हायला भंगारासारखी शाळा नाही. फिल्टरची डबी मिळालीच नाही, तर जुने रंगीत दूरदर्शन संच गावोगाव पडलेले आहेत. पुष्कळांत 4.433619 मेगाहर्ट्‌झचा एक स्फटिक असतो. चार संचांतले चार, आणि तुमची शिडी तयार! घरगुती रेडिओत मात्र शोधू नका. त्यात वेटोळ्यांच्या डब्या किंवा चिनी मातीसारख्या पदार्थाचे फिल्टर असतात.

या हौसेला आपल्या किनाऱ्यावर एक वेगळे वजन आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा मालवण-देवगडकडची वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरला होते, त्यांनी तेथून निरोप पोहोचवले. आता, विकतचा संचही निरोप पोहोचवतो, नाही असे नाही. पण वादळाच्या रात्री तो बंद पडला, तर झाकण उघडून आत हात घालणारा माणूस गावातच असावा लागतो. दुरुस्तीचे दुकान तेव्हा उघडे नसते. म्हणून प्रत्येक शाळेने आणि महाविद्यालयाने निकामी संच लिलावात काढण्याआधी एक दिवस विज्ञान मंडळाच्या मुलांपुढे ठेवावेत, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

दूरदर्शन संच किंवा वीजजोडणीवर चालणारा कोणताही संच शिक्षकांच्या देखरेखीशिवाय उघडू नका. वीज काढल्यावरही आतील धारित्रांत जीवघेणा भार राहू शकतो. डाखकाम झाल्यावर हात धुवा, त्यात शिसे असते. आणि प्रक्षेपणाला केंद्र सरकारचा परवाना हवाच. त्याची परीक्षा वयाची 12 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. नुसते ऐकायला मात्र परीक्षेची वाट पाहायला नको. तयार फिल्टर आधी ग्राहीला जोडा आणि सकाळच्या वेळी 7 मेगाहर्ट्‌झचा पट्टा लावा. तेथे देशभरातले हॅम बोलत असतात. फिल्टर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे ऐका.