नळाचें पहिलें पाणी

भिवंडीनजीकच्या कोन गांवीं नळास पाणी आलें कीं प्रथम पिण्याचा हंडा भरण्याची घाई होते. आम्हींही पुष्कळ वर्षें असेंच केलें. परंतु पाणी बंद असतां नळांतील दाब नाहींसा होतो व फुटक्या सांध्यांतून गटाराचें पाणी आंत ओढलें जातें. तेंच प्रथम बाहेर पडतें. वस्त्रगाळ केलें म्हणजे झालें, असें गृहिणी म्हणतात. काविळीचा विषाणू वस्त्रास काय जुमानणार? २०२५ सालीं पुणें परिसरांत गुलेन बॅरी या मज्जाविकाराचे दोनशेंच्या आसपास रुग्ण आढळले, तेव्हांही संशय दूषित पाण्यावरच होता. पहिलें पाणी झाडांस घालावें. पिण्याचें खळखळून उकळावें. पाण्यांतून होणारी एक कावीळ गर्भिणीच्या जिवावर बेतते; घरांत दिवस गेलेली सून असल्यास तिचा तांब्या निराळा, झांकलेला ठेवावा.